धुराचं गोत्र

कपाशीची शेवटची वेचणी उरकली की सिल्लोडच्या शिवारात पऱ्हाट्या उपटायला सुरुवात होते. भारे बांधून घरामागं, गोठ्याच्या भिंतीला रचायचे आणि पुढचे कित्येक महिने चुलीत घालायचे. हा मुलूख झाडांचा नाही. अजिंठ्याच्या डोंगरात साग आहे, पळस आहे, अंजन आहे. पण खाली सपाटीवर मका, कपाशी, तूर, मिरची, आणि बांधावर कुठे लिंब, कुठे बाभूळ. म्हणून इथलं जळण म्हणजे पीक निघून गेल्यावर मागं राहतं ते: पऱ्हाट्या, तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, आणि उन्हाळ्यात थापलेल्या गोवऱ्या. तुराटी भुरकन पेटते. जाळ मोठा, धूर थोडा आणि किंचित गोडसर. पऱ्हाटी वेळ घेते. तिचा धूर कडवट, घशाशी रेंगाळणारा. गोवरी जळण्यापेक्षा धुमसते जास्त; तिचा पांढरा जड धूर लुगड्यात, गोधडीत, केसांत जाऊन बसतो. अशा घरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना शेजारच्या चुलीत आज काय घातलंय हे भिंतीपलीकडून कळतं.

चव म्हणजे काय ते मी इथं शिकलो. अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश लागतो, आणि खानदेशी भरताची सगळी मदार जळणावर आहे. भलंमोठं, कमी बियांचं, हिरवट-पांढरं वांगं काड्यांच्या जाळात टाकायचं. साल करपून काळी पडते, आत गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि त्या ओल्या गरात धूर मुरतो. गॅसवर भाजलेलं वांगं नुसतं शिजतं. हुरड्याचंही तेच. कोवळं, दुधाळ कणीसच आगटीच्या राखेत खुपसतात. वाळलेल्या कणसाच्या लाह्या होतील, हुरडा होणार नाही. धूर धरायला ओल लागते. पीट नावाच्या जळणाच्या धुरातून निघालेल्या व्हिस्कीची कळही याच ओलीत आहे, आणि ती मला व्हिस्कीच्या पुस्तकांआधी भरताच्या काळ्या सालीनं शिकवली.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला आयला नावाचं बेट आहे. वस्ती तीन-साडेतीन हजारांची, वारा अखंड, झाडं फार थोडी. जमिनीत मात्र पीट. शेवाळ, गवत, हेदरची झुडपं पाणथळ जागी मरतात, पाण्याखाली हवा पोचत नसल्यानं पुरती कुजत नाहीत आणि थरावर थर साचत जातो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे हातभर खणलं की चार-साडेचारशे वर्षं मागे जाता येतं. वसंतात लांब पात्याच्या हत्यारानं त्याच्या विटा कापायच्या, उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवायच्या आणि जाळायच्या. तिथल्या घरांना ऊब देणारं जळण हेच होतं, आणि व्हिस्कीसाठी मोड आणलेला जव वाळवायलाही हेच.

जव भिजवून त्याला मोड आणले की स्टार्चची साखर करणारी द्रव्यं दाण्यात तयार होतात. मोड तिथंच थांबवायचे, नाहीतर कोंबच सगळी साखर खाऊन टाकेल. म्हणून भट्टीच्या जाळीदार तळावर दाणा पसरून खालून उष्णता देतात. सुरुवातीचे तास महत्त्वाचे. दाणा ओला असतो तोवर खाली पीट धुमसत ठेवलं तर धूर त्याच्या टरफलाला धरतो. दाणा वाळला की मग कितीही पीट जाळा, फारसं काही चिकटत नाही. पुढे तो दाणा भरडला जातो, गरम पाण्यात साखर उतरते, यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं, तांब्याच्या भांड्यातून ते दोनदा काढलं जातं, मग ओकच्या पिंपात कायद्यानं किमान तीन आणि प्रत्यक्षात बरीच अधिक वर्षं पडून राहतं. एवढ्या सगळ्या उठाठेवीतून टरफलावरचा धूर ग्लासापर्यंत टिकतो. वायूसारखी विरून जाणारी गोष्ट पाणी, तांबं, लाकूड आणि दशकभराचा काळ ओलांडून येते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हा धूर मोजतात फिनॉलमध्ये, दहा लाखांत किती भाग या मापानं. लागावुलिन या व्हिस्कीच्या माल्टचा आकडा 35 च्या आसपास असतो, आर्डबेगचा 50 च्या पुढे, आणि ऑक्टोमोरनं तर शंभराची वेस केव्हाच ओलांडली. मात्र हा आकडा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्याचा. बाटलीत त्यातला बराच कमी पोचतो. ऊर्ध्वपातनात तो गळतो, पिंपातही दरवर्षी थोडा मवाळ होतो. आकड्यावरून बाटली निवडणारे लोक मी पाहिले आहेत. मिरचीचा तिखटपणा आकड्यात सांगता येतो, पण त्यावरून ठेच्याची चव कळत नाही.

आयलावरच्या लाफ्रॉइगची दहा वर्षांची व्हिस्की भाचा परदेशातून येताना घेऊन आला. चाखायची पद्धत सोपी आहे आणि पाळावी. ग्लास तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास वर गोळा होतो. बर्फ नको, थंडीनं वास दबतो आणि जिभेला अर्धी चव कळत नाही. ओतल्यावर थोडा वेळ ग्लास तसाच राहू द्यावा. नाक एकदम आत खुपसू नये, नाहीतर मद्यार्काचा झणका बसतो आणि पुढचं काहीच कळत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून, ग्लास हनुवटीपाशी धरून, वास आपल्याकडे येऊ द्यावा.

पहिला वास औषधाचा. अनेकांना तो इतका दवाखान्याचा वाटतो की ग्लास खालीच ठेवतात. मला मात्र लहानपणचा लाल लाइफबॉय आठवला, दगडावर ठेवलेला, उन्हानं भेगाळलेला, जाडजूड वडीचा. ही आठवण केवळ योगायोगाची नाही. तो साबण कार्बोलिक होता आणि कार्बोलिक म्हणजे फिनॉलच. 1865 साली ग्लासगोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टर या शल्यवैद्यानं एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली, आणि जखमा सडून माणसं मरण्याचा काळ तिथून मागे पडू लागला. फिनॉलचे भाऊबंद क्रेसॉल. दवाखान्याच्या फरशीला जो डांबरट वास असतो तो त्यांचा. पीट जळताना हे सगळं कुटुंब एकत्र बाहेर पडतं. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लाफ्रॉइग औषध म्हणून तिथं जात होती असं सांगतात, आणि वास घेतल्यावर ते पटतं.

औषधामागून खरा धूर येतो. त्यातलं मुख्य द्रव्य ग्वायाकॉल. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन जळलं की ते तयार होतं; मग ते लाकूड ओकचं असो, बाभळीचं असो की तुराटीचं. म्हणून मला त्या ग्लासात भरीत आठवलं तेव्हा ती माझ्या नाकाची हौस नव्हती. तोच रेणू होता. समुद्र ओलांडून आलेल्या त्या वासाला सिल्लोडच्या नाकानं ओळख दिली आणि ती रसायनशास्त्राच्या कसोटीवरही खरी ठरते. वेगळं होतं ते त्या धुराखालचं: ओलसर माती, खारटपणा, सुकत घातलेल्या मासळीच्या जवळचं काहीतरी. त्याला माझ्याकडे शब्द नव्हता, कारण आमच्याकडे समुद्र नाही.

मावशी बाजूलाच भाजी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काय हुंगतोस रं इतका वेळ?"

"दारू हाय मावशी. तुला आवडायची नाही."

"प्यायला कोण बसलंय? दे इकडं." तिनं ग्लास हातात घेतला, लांबूनच वास घेतला, पुन्हा घेतला. "लाकूड न्हाई जळालेलं हे. गवरी बी न्हाई. वली माती जळाल्यावानी येतंय. माती जळती का कुठं?"

पीटबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. व्हिस्कीवर लिहिणारे सरावलेले लोक जे पानभर लिहितात ते तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं, आणि ग्लास परत देऊन मेथीच्या जुडीकडे वळली. मी तिला मग आयलाची गोष्ट सांगितली. तिनं एकच विचारलं, "मग तिथल्या बायांच्या डोळ्याचं काय व्हतं?"

या प्रश्नाकडे मी पुन्हा येईन. आधी पाण्याचं सांगतो. थोडी चव घेतल्यावर ग्लासात काही थेंब साधं पाणी घालावं, आणि मग पुन्हा वास घ्यावा. धूर एकदम पुढे येतो. जुने लोक हे अनुभवानं करत होते. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोघांनी 2017 साली संगणकावर रेणूंची हालचाल मांडून त्याचं कारण दाखवलं. मद्यार्काचं प्रमाण जास्त असेल तर ग्वायाकॉलचे रेणू मद्यार्काच्या गराड्यात द्रवात खोलवर राहतात. पाणी घातल्यावर मद्यार्क पृष्ठभागाकडे सरकतो आणि ग्वायाकॉललाही बरोबर घेऊन येतो. नाकाला आणि जिभेला आधी भेटतो तो पृष्ठभाग.

जिभेवर लाफ्रॉइग पहिल्यांदा गोड लागली. हा गोडवा बोर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांतून येतो, व्हॅनिलासारखा. मग मीठ, मग मिरी, मग धुराची लांब शेपूट. घोट गेल्यावर बराच वेळ श्वासातून धूर येत राहतो. मला ही व्हिस्की फार आवडली, पण एका ग्लासानंतर दुसरा घ्यावासा वाटला नाही. हा मी तिचा गुण समजतो. जी चव एवढं बोलते तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावू नये.

पीटच्या धुराचं एवढं कौतुक आज होतं, पण तो धूर कोणी आवडीनं निवडला नव्हता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर जव पीटवरच वाळत असे, कारण दुसरं जळण परवडत नव्हतं. 1863 साली स्ट्रॅथस्पे रेल्वे सुरू झाली, स्पे नदीच्या खोऱ्यात कोळसा स्वस्तात पोचू लागला आणि तिथल्या डिस्टिलऱ्यांनी हळूहळू धूर सोडून दिला. आज स्पेसाइडची व्हिस्की फळांसाठी आणि मधासारख्या गोडव्यासाठी नावाजली जाते. बेटांवर रेल्वे येणार कशी? तिथं पीट राहिलं, धूर राहिला. मिश्रणांत चिमूटभर वास देण्यापुरतं त्या व्हिस्कीला गिऱ्हाईक होतं.   जगभरचे लोक धुराच्या वासानं वेडे होऊन आयलाची वाट धरू लागले ते बरंच पुढे, 1980 नंतरच्या दशकांत. गरिबीचं जळण महागड्या चवीचं ओळखपत्र झालं.

हीच गोष्ट आइसलँडमध्ये याहून ठसठशीत दिसते. तिथंही झाडं जवळजवळ नाहीत. लोक मेंढ्यांचं शेण वाळवून जाळत आणि त्या धुरावर मासे, मांस धुरावत. तिथली आइमवर्क डिस्टिलरी फ्लोकी नावाची व्हिस्की करते, तिचा एक प्रकार मेंढीच्या शेणाच्या धुरावर वाळवलेल्या जवापासून होतो, आणि बाटलीवर तसं अभिमानानं छापतात. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटी भागात मेस्कीट नावाच्या काटेरी झाडाच्या धुरावर जव वाळवतात. ते झाड आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातलं. हे वाचलं तेव्हा मी घरामागच्या गोवऱ्यांच्या उडव्याकडे बराच वेळ पाहत राहिलो.

आमच्याकडे काय झालं? हुरडा पैसे देऊन खायची गोष्ट झाला. संभाजीनगरपासून पुण्यापर्यंत रस्त्यारस्त्यावर थंडीत हुरडा पार्टीचे फलक लागतात; शहरातली मुलं गोवरीच्या आगटीभोवती बसतात, गुळभेंडी नाहीतर सुरती ज्वारीचे दाणे तळहातावर चोळून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खातात. चुलीवरच्या जेवणाचे धाबे महामार्गांवर चालतात. धुराला किंमत आली. पण धुरावर ज्यांची हयात गेली त्यांच्या नाकाला आली नाही, आणि इथंच मावशीचा प्रश्न माझी वाट अडवतो.

आईचे डोळे मी पाहिले आहेत. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या पेटत नसत. फुंकणीनं फुंकून फुंकून तिचे डोळे लाल होत, पदरानं पुसत ती भाकरी थापी. रात्री खोकला. मे 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसच्या टाक्या घराघरांत पोचल्या, आणि सिलिंडर भरायला पैसे नसतात त्या महिन्यांत चूल परत पेटते हेही खरं. धुराची चव ज्याला धुरापासून उठून जाता येतं त्यालाच लागते. माझ्या ग्लासातला धूर मला सुंदर वाटला कारण तो ग्लासातच थांबला होता. हे मनात ठेवूनच मी पीटच्या व्हिस्कीचं कौतुक करतो, आणि कौतुक करायचं सोडत नाही, कारण सौंदर्य खरं आहे.

दारूबद्दल लिहिताना मराठवाड्यात आणखी एक हिशेब द्यावा लागतो. देशी दारूच्या दुकानानं घरं बुडालेली मी जवळून पाहिली आहेत. गावातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं, आणि त्या मतदानासाठी बाया ज्या जिद्दीनं उन्हात रांगा लावतात ती जिद्द मला कोणत्याही मद्यापेक्षा मोठी वाटते. पाण्याचाही हिशेब आहे. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि पुढे साठ टक्क्यांनी तोडायला लावलं. तो आदेश योग्य होता. ज्या गावात टँकर येतो तिथं बसून व्हिस्कीची परीक्षा लिहायची तर हे विसरून चालत नाही.

आपल्या भट्टीचं नशीबही आठवतं. स्कॉटलंडच्या डोंगरदऱ्यांत चोरून चालणाऱ्या भट्ट्या 1823 च्या कायद्यानं परवान्याखाली आल्या. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं परवाना घेतला आणि चोरट्या कलेला प्रतिष्ठेची वाट सापडली. आपल्याकडे उलट घडलं. मुंबई इलाख्यात 1892 साली मोहफुलांवरच कायदा आला. ज्या झाडाचं फूल आदिवासी घरांत अन्नही होतं आणि मद्यही, ते फूल साठवणं हाच गुन्हा ठरू लागला. मोहाच्या पहिल्या धारेच्या दारूला असणारा फुलांचा आणि सरपणाचा मिळून येणारा वास कोणी नीट टिपून ठेवला नाही. तिची जागा काळा गूळ आणि नवसागराच्या हातभट्टीनं घेतली, आणि त्याहून वाईट म्हणजे विषारी मिथेनॉलनं. 2015 साली मालवणीत शंभराहून अधिक माणसं त्यानं मेली. चांगली दारू आणि वाईट दारू यांतला फरक चवीचा असतो असं आपण समजतो. पुष्कळदा तो कायद्यानं कोणाला उजेडात काम करू दिलं याचा असतो.

पिण्याकडे आपण कायम तुच्छतेनंच पाहत आलो, असं सांगणाऱ्यांना मी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचं छत पाहायला सांगतो. तिथं टोकदार टोप्या आणि परदेशी अंगरखे घातलेली माणसं पेला हातात घेऊन ऐसपैस बसलेली चितारली आहेत, शेजारी झारी घेतलेल्या सेविका. फर्ग्युसन या अभ्यासकानं त्यांत इराणचा राजा खुस्रो पाहिला होता. तो अंदाज आता मागे पडला. मला त्यांच्यात दिसतो तो चित्रकाराचा निवांतपणा. परक्या माणसाच्या पिण्याकडे त्यानं कुतूहलानं पाहिलं आहे, तुच्छतेनं नाही. हे छत सिल्लोडपासून घाटाच्या पलीकडेच आहे.

दुसरी बाटली गोव्याची. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळी नावाचं गाव आहे. 1583 साली पोर्तुगीज धर्मप्रसाराविरुद्ध उठलेल्या गावकऱ्यांमुळे ते इतिहासात आहे. तिथं जॉन डिस्टिलरीज पॉल जॉन ही सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत निव्वळ मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की, करते. 2012 साली ती आधी लंडनमध्ये विक्रीला आली. जव भारतीय, सहा ओळींच्या कणसाचा. तो स्कॉटलंडच्या दोन ओळींच्या जवापेक्षा टरफलानं जाड आणि प्रथिनांनी भरलेला. पीट मात्र जहाजानं येतं. बोल्ड नावाच्या त्यांच्या व्हिस्कीसाठी ते आयलाहून आणतात.

बोल्डचा वास घेताच लक्षात आलं की इथं औषध कमी आहे. मध आहे, भाजलेला गूळ आहे, सुंठ आहे, आणि त्यांच्या मागे उभा राहिलेला धूर. जिभेवर ती जाड उतरते, जवळजवळ तेलकट. लाफ्रॉइगमध्ये धूर बोलतो आणि बाकीचे ऐकतात. बोल्डमध्ये धूर गोडव्याला सांभाळून घेतो. शेवटाला मिरीचा ठसका आहे आणि कोकोचा कडूपणा. समुद्र मात्र नाही. पीट आयलाचं असलं तरी व्हिस्की कोकणच्या हवेत वाढली आहे आणि ते कळतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के द्रव उडून जातो. गोव्यात आठ टक्क्यांच्या आसपास. शंभर लिटर भरले तर पाच वर्षांत सहासष्ट उरतात. एवढ्या वेगानं लाकडाशी झोंबी घेतलेली व्हिस्की वयानं कोवळी आणि अंगानं प्रौढ असते. बाटलीवर वर्षांचा आकडा शोधणाऱ्यांनी हा हिशेब समजून घ्यावा. मला दोन्हींत निवडायला सांगितलं तर थंडीत, जेवणाआधी, मी बोल्ड निवडेन. तिचा गोडवा आमच्या जेवणाच्या अधिक जवळचा आहे. एकट्यानं बसून एखाद्या वासाचा मागोवा घ्यायचा असेल तर लाफ्रॉइग.

या वाटेवर पहिलं पाऊल मात्र बंगळुरूच्या अमृतनं टाकलं. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 साली ती सुरू केली; त्यांचे चिरंजीव नीळकंठराव जगदाळे यांच्या काळात, ऑगस्ट 2004 मध्ये, तिची सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन मांडली गेली. भारतीय जव आणि पीटच्या धुरातला स्कॉटिश जव एकत्र करून त्यांनी फ्यूजन केली, आणि जिम मरे या समीक्षकानं आपल्या 2010 च्या व्हिस्की बायबलमध्ये तिला जगातल्या सर्वोत्तमांत तिसरं स्थान दिलं. तोवर भारतीय व्हिस्की म्हणजे मळीच्या मद्यार्काला रंग-वास लावलेली गोष्ट, असं बाहेरचं जग धरून चाललं होतं, आणि ते बहुतांशी खरंही होतं. नीळकंठराव 2019 साली गेले. त्यांनी दाखवलेल्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण धूर अजून उसना आहे. एकानं धुरावलेला जव स्कॉटलंडहून आणला, दुसऱ्यानं पीट आणलं. ज्या देशात जळणाच्या धुराचे एवढे प्रकार आहेत तिथं पाण्याखाली शेकडो वर्षं साचलेली माती जहाजानं आणून जाळावी लागते, हे मला पटत नाही. गोवरी एका उन्हाळ्यात तयार होते, तुराटी दर हंगामाला. नाशिकजवळ दिंडोरीलाही आता सिंगल माल्ट होते, म्हणजे भट्टी, पिंपं आणि जाणकार माणसं महाराष्ट्रातच आहेत. कोणीतरी एकदा थोडा जव इथल्या जळणावर वाळवून पाहावा.

पऱ्हाटी मी सुचवणार नाही. कपाशीवर फवारण्या फार होतात आणि त्या काडीत काय उरलं असेल ते तपासल्याशिवाय तिचा धूर अन्नाला लावू नये. तुराटी घ्यावी, आणि तिच्या जोडीला गोवरी: जाळासाठी एक, धुमसण्यासाठी दुसरी. धूर दाणा ओला असतानाच द्यावा, आणि धुरात आरोग्याला घातक काही उतरत नाही ना हे प्रयोगशाळेत पाहून घ्यावं. भट्टीला उंच धुराडं असावं, म्हणजे काम करणाऱ्या कुणाचे डोळे जाणार नाहीत.

आणि वास पारखायला माणसं लांबून आणायची गरज नाही. मिश्रण करणारे तज्ज्ञ व्हिस्की पीत बसत नाहीत. पाण्यानं पातळ केलेला नमुना ते नाकानंच तपासतात, दिवसाला कित्येक. घोट न घेता ते काम आमच्या गावातल्या बाया करू शकतील. त्यांना त्याचा मेहनताना द्यावा, आणि कोणत्या पिंपात तुराटी जास्त झाली, कुठे गोवरीनं दाण्याची गोडी दाबली, हे त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावेत. लेबलावर चवीचं वर्णन छापताना त्याच वहीतून घ्यावं.